खळ घातलेला झगा

जळगावच्या मोठ्या शाळेत, हेडमास्तरांच्या समोर, माझ्या मुलीनं अंगातला झगा डोक्यावरून काढला आणि घडी करून टेबलावर ठेवला. आत पेटीकोट होता म्हणून बरं. दाराबाहेर रांगेतले आईबाप वाकून बघू लागले. तिच्या वडिलांनी हात उगारला. मी मध्ये गेले, फटका मला बसला.

हेडमास्तरांपुढे तिचा चौथीचा निकाल होता. तालुक्यात पहिली. तो कागद परत देत ते म्हणाले, "हिला आधी डॉक्टरला दाखवा. शाळेचं नंतर पाहू."

चूक माझी होती. पोर हुशार, पण कमी बोलायची, कुणाकडे बघायची नाही, नवं कापड अंगाला लागू द्यायची नाही. आता डॉक्टर त्याला ऑटिझम म्हणतात. तेव्हा भावकीत वेडी म्हणत. हे ठाऊक असून, मोठी शाळा आहे म्हणून, मी नव्या झग्याला भाताच्या पेजेची खळ घालून कडक इस्त्री करून आणली. एसटीत बसल्यापासून ती "टोचस, माय, टोचस" म्हणत होती. मी तिला दटावून गप्प केलं.

घरी आल्यावर तिचे वडील म्हणाले, शाळा पुरे, कापूस वेचायला जाईल. मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. मग तिला घेऊन एकटीच पारोळ्याला मुलींच्या शाळेत गेले. पत्र्याच्या खोल्या, प्रयोगशाळेचं नाव नाही. मुख्य बाईंना जळगावचं सगळं सांगून टाकलं. लपवून काय करणार?

बाईंनी तिला काही विचारलं नाही. कपाट उघडलं. "अक्का, नवा पोशाख शिवूच नका. शाळा सोडून गेलेल्या पोरींचे जुने आहेत, धुऊन मऊ झालेले. तिलाच निवडू द्या." आणि बाई आपल्या वर्गावर तास घ्यायला निघून गेल्या.

मुलीनं एकेक झगा गालाला लावून पाहिला. कोपरावर ठिगळ असलेला, दोन मापं मोठा एक घातला आणि भिंतीवरचं वेळापत्रक मोठ्यानं वाचू लागली.

घरी वडील कुरकुरले, एवढी हुशार पोर आणि असली शाळा.

"जिथं ती अंगावर कपडे ठेवते, ती तिची शाळा," मी म्हणाले.

पुढं पोरींनी तिला चिडवलं, गॅदरिंगला ती दार लावून बसली, दोनदा पळून आली. दहावीपर्यंत सहा वर्षं ती तिथं गेली. मी फाटकापर्यंत जायची. आत ती एकटी असायची.