बावीतलं जांभळं पाणी

आज चारचौघांत पदवीधर म्हणून बसतो, ते माझ्या आत्यामुळे. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, ठाण्याच्या शाळेत घातलं.

कोलशेतला आमची वस्ती दोन आळ्यांची. वरची आळी आमची, मिठागरात राबणारी; खालची खाडीत जाळी टाकणारी. गोड्या पाण्याची बाव, म्हणजे विहीर, दोघींत एकच. म्हणून बांधावरून, पोरांवरून कितीही वाजलं तरी बावीवर भांडायचं नाही, असा रिवाज होता.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी शेजारच्या गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. मी कॉलेजच्या सुट्टीत घरी होतो. आरोग्य अधिकाऱ्यांनी सायन्सवाला म्हणून माझ्याच हाती बावीत टाकायच्या औषधाची पुडी दिली. “संध्याकाळी चमचाभर टाका. सकाळपर्यंत रंग जाईल, मग पाणी भरा.” एवढ्या बावीला चमचाभर कसं पुरणार? मी सगळी पुडी ओतली.

सकाळी पाणी जांभळंगर्द.

“वरच्या आळीनी इख कालवलाय!” खालच्या आळीतली एक आजी ओरडली. आमच्या बायकाही गप्प बसल्या नाहीत. रिवाज मोडला. काहीजणी घागरी उचलून तळ्याकडे वळल्या. तिथं गुरं डुंबत. ते पाणी पोटात गेलं असतं तर पटकी आमच्याही घरात शिरली असती. “औषध आहे,” मी सांगत होतो. जास्त पडलं, हे मात्र तोंडातून निघेना.

आत्यानं कळशी सोडली, पाणी ओढलं आणि सगळ्यांसमोर ओंजळभर प्यायली.

“माज्या पोरानं टाकलाय. मी मेली तं खुशाल जा तल्यावर.”

“तू कशी मरशील गो? यमाला तुजा तोंड झेपंल का?” आजी म्हणाली.

बायका हसल्या. घागरी खाली ठेवून रंग उतरेपर्यंत बावीच्या काठावर बसून राहिल्या. तळ्यावर कोणी गेलं नाही. पटकी आमच्या वस्तीत आली नाही.

पुढे मी खडवलीला शिक्षक झालो. तिथून आत्याला लिहिलं:

“तीर्थस्वरूप आत्यास साष्टांग नमस्कार. हे पत्र आपल्या गावच्या मास्तरांना बावीवर, दोन्ही आळ्यांसमोर वाचायला सांग. त्या दिवशी चमचाभर टाकायचं होतं, मी अख्खी पुडी टाकली. तू प्यायलीस तेव्हाही मला ते ठाऊक होतं आणि मी गप्प राहिलो. दोन दिवस तुझा घसा जळत होता. तू मिरचीचं नाव पुढे केलंस. चूक माझी, वरच्या आळीची नव्हे. खालच्या आळीतली आजी काय म्हणाली ते कळव. शिव्या दिल्या तर त्याही मास्तरांना लिहायला सांग.”