टेलचं पाणी

आप्पा आणि तात्या, म्हणजे माझे वडील आणि त्यांचे धाकटे भाऊ, अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. न्हावऱ्यात घरं शेजारी शेजारी, गोठ्याची भिंत एक, तरी नाही.

आप्पा कालव्यावर पाटकरी होते. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं की यादीप्रमाणे एकेका रानाला पाणी द्यायचं आणि वेळ संपली की पाटाच्या चारीचं दार पाडून पाणी बंद करायचं, एवढंच काम. त्यापायी अर्ध्या गावाच्या शिव्या खाल्ल्या. तात्यांचं रान चारीच्या अगदी शेवटी, टेलला. एका उन्हाळ्यात पाणी तिथवर पोचायलाच उशीर झाला आणि निम्मा कांदा भिजायचा राहिलेला असताना आप्पांनी घड्याळ बघून दार पाडलं. कांदा वाळून गेला. सख्खा भाऊ झाला म्हणून नियम वेगळा कसा, असं आप्पा सगळ्यांना सांगत फिरले. तात्यांनी बोलणंच टाकलं.

दोघंही सत्तरी ओलांडलेले. ह्यातला एक गेला तर दुसऱ्याला रडायलाही तोंड राहणार नाही, असं आई म्हणायची. म्हणून तिने आणि काकूने तीन दिवस कोकणात जायचा घाट घातला आणि नवरे लोकांना एकमेकांबद्दल काही न सांगता माझ्या गाडीत कोंबलं. गाडी मीच चालवत होते. घाट उतरेपर्यंत पुढून आप्पा मला म्हणत, चुलत्याला विचार, काच खाली करू का. मागून तात्या मला म्हणत, सांग, नको. शेवटी मी वैतागून चारही काचा खाली केल्या.

आम्ही उतरलो होतो दापोलीच्या आतल्या अंगाला, एका सुपारीच्या बागेत. समुद्र तिथून दिसत नाही. रोज सकाळी एक किनारा ठरवायचा, जाऊन यायचं, संध्याकाळी परत बागेत.

पहिल्या दिवशी मात्र पोचायलाच दुपार झाली. तरी चारच्या सुमारास कर्द्याला गेलो. पाणी इतकं लांब गेलं होतं की आधी नुसती ओली वाळूच दिसली. आप्पा हिरमुसले. परत आल्यावर त्यांनी बागेच्या मालकाला अगदी गंभीरपणे विचारलं, "हितलं आवर्तन कवा सुटतंय?" मालकाला काही कळेना. मला हसू आवरेना. मग त्याने भरती-ओहोटी समजावली. दिवसातून दोनदा पाणी येतं, दोनदा जातं, आणि रोज पाऊण-एक तास उशिरा. आप्पांनी तीनतीनदा विचारून खात्री करून घेतली. दार कुणी उघडत नाही? कुणीच नाही. यादी? नाही.

दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याला पोचलो तेव्हा समुद्र भरलेला होता. मी मुंबईचा समुद्र पाहिलेला, पण तो कठड्यामागून. इथे वाळूवर नुसती उभी राहिले आणि दोन पावलं मागेच सरले. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला पाणी, समोर तर काही संपतच नव्हतं. आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. ती मी त्यांना फक्त देवळात काढताना पाहिली आहे. पाण्याच्या कडेला त्यांनी एक काटकी रोवली आणि तासभर तिच्याजवळ उभे राहिले. पाणी काटकीपासून मागे मागे जात राहिलं. "उद्या लवकर निघायचं," ते म्हणाले. त्यांना पाणी येताना बघायचं होतं.

तात्या लांब वर, सुरूच्या झाडांखाली बसलेले. बघत तेही होते. काकूने भेळ नेऊन दिली, ती तशीच राहिली. आता एकच दिवस उरला होता आणि आईचा चेहरा उतरला होता.

तिसऱ्या दिवशी केळशीला नऊला पोचलो. पाणी यायला लागलं होतं. प्रत्येक लाट आधीच्या लाटेपेक्षा वीतभर वर, मधेच दोन लाटा मागे, मग एकदम पुढे. एवढं पाणी आपल्या पायाने चालत येतंय आणि कुणाचं ऐकत नाही, हे बघता बघता माझ्या चपला भिजल्या. आई आणि काकू लुगडी खोचून हातात हात धरून उभ्या होत्या, पोरींसारख्या खिदळत.

तात्या आज वाळूतच बसले होते, पण सगळ्यांत वर, एका कोरड्या खळग्याच्या कडेला. आणि आप्पा वाकून टाचेने वाळू उकरत होते. आधी मला वाटलं, खेळतायत. मग पाहिलं तर ती चारी होती. चांगली दहा-बारा हात लांब, बरोबर उतार धरून काढलेली. लाट आत घ्यायची, मागे जाताना टाच आडवी लावून पाणी अडवायचं, पुढची लाट आली की टाच काढायची. पाणी थोडं थोडं करत तात्यांच्या दिशेने वर सरकत होतं. मी मदतीला गेले, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

साडेअकरा झाले असतील. एक मोठी लाट चारीतून सरळ वर गेली आणि खळग्यात उतरली. तात्या उठले. वाकून पाण्याला हात लावला. मग दोन्ही हात तोंडाशी धरून, रानात हाक मारतात तशी त्यांनी हाक दिली.

"दादा, टेलला पोचलं! दार पाडायचं का?"

आप्पांची टाच चारीवरच होती. ती त्यांनी उचलली आणि बाजूला झाले.

"न्हाई," ते म्हणाले. लाटांच्या आवाजात तात्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटून की काय, पुन्हा मोठ्याने म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुझं भरू दे आधी."