भाकरीचं गाणं

कॅसेट हातात आली की शेषराव आधी तिचे दात काढायचे. कॅसेटच्या पाठीवर दोन टोकांना प्लास्टिकच्या दोन बारीक चकत्या असत. त्या मोडल्या की टेपरेकॉर्डरचं रेकॉर्डचं बटन दाबलंच जात नसे, आणि आत भरलेलं गाणं चुकून पुसलं जाण्याची भीती राहत नसे. शेषराव लहान पेचकसाने त्या चकत्या टक्कन मोडत, तळहातावर घेऊन गिऱ्हाइकाला दाखवत आणि म्हणत, "दात हायेत तवर कॅसेट चावती. आता बिलकुल गरीब झाली, घेऊन जा." अंबडमध्ये इतक्या वर्षांत त्यांच्या हातून कुणाचंही गाणं पुसलं गेलं नाही. मी हे खात्रीने लिहितो आहे, कारण जे एक गेलं ते त्यांच्या हातून गेलं नव्हतं.

एक्याऐंशी साली माझी बदली अंबडला झाली. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. शाळेचा टेपरेकॉर्डर बिघडला म्हणून बसस्टँडमागच्या गल्लीतल्या त्यांच्या दुकानात घेऊन गेलो. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. आत एक इंग्रजी गाणं मोठ्याने लागलं होतं. गिटार होती, ढोल होते आणि कुणीतरी गळ्याच्या शिरा ताणून गात होतं. शेषराव स्टुलावर डोळे मिटून बसलेले. गाणं संपेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग विचारलं, "तुमी इंग्रजीचे मास्तर ना? काय म्हणून राह्यला त्यो?"

"मला नाही कळलं," मी म्हणालो. खरोखरच कळलं नव्हतं.

"चला, एक तरी खरं बोलणारा भेटला. मागच्या मास्तरनं दर खेपी अर्थ सांगितला, आन् दर खेपी नवा."

आमची मैत्री अशी सुरू झाली.

ती गाणी त्यांच्याकडे आली त्याची गोष्ट त्यांनी मला त्याच दिवशी सांगितली. कालव्याच्या कामावरच्या एका तरुण इंजिनिअरने आपला परदेशी टेप दुरुस्तीला टाकला होता आणि आत एक कॅसेट तशीच राहिली होती. कव्हरवर चार केसाळ गोरे. बँडचं नाव शेषरावांच्या जिभेवर कधी बसलं नाही, ते त्यांना 'आपले चौघं' म्हणत. त्या टेपला जोडायची वायर अंबडमध्ये मिळेना आणि इंजिनिअर तर दुसऱ्या दिवशी टेप न्यायला येणार होता. मग शेषरावांनी अंगणात त्याचा टेप वाजत ठेवला, समोर आपला टेप माइक लावून ठेवला आणि दहाही गाणी भरून घेतली. गाण्यांबरोबर अंगणही भरलं गेलं. पहिल्या गाण्यात एसटीचा हॉर्न होता, म्हणून ते 'एसटीचं'. एकात कोंबडी अंडं घातल्याचं गावभर सांगत होती, ते 'कोंबडीचं'. आणि दुसऱ्या बाजूचं शेवटचं, ते 'भाकरीचं'.

हे शेवटचं गाणं दहांत सगळ्यात सुंदर होतं. सुरुवातीला एकटी गिटार, मग एकेक वाद्य येऊन मिळे, आणि सगळं टिपेला पोचून पुन्हा हळूहळू उतरू लागे. नेमकं तिथे कौसावहिनींचा, म्हणजे शेषरावांच्या पत्नीचा आवाज येई, "आवो, उठा की आता. भाकर गार होऊन राह्यली. त्या चौघायला बी म्हणा, जेवून घ्या." मग बांगड्या वाजत, वहिनी हसत आणि खट् करून कॅसेट संपे.

आम्हा दोघांचा एक रिवाज पडला होता. खंडेनवमीला शेषराव सगळी अवजारं पुसून पूजेत मांडत. पेचकस, सोल्डरिंगची गन, मीटर, टेबलावरचा टेप आणि त्याच्या शेजारी ती कॅसेट. पूजेतली वस्तू दसऱ्यापर्यंत उचलायची नाही आणि वाजवायचीही नाही. दसऱ्याला दुपारी टेप उचलला की पहिला मान चौघांचा. दहाही गाणी ओळीने ऐकायची, मग एका वहीत प्रत्येकाने एक आवडतं आणि एक नावडतं गाणं लिहायचं. माझं अक्षर बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. शेषरावांची आवड दर वर्षी बदले आणि त्यावर ते तासभर बोलत. "औंदा कोंबडीचं वर आलंय मास्तर. ढोलवाला लई दमात वाजवून राह्यला, मागल्या साली माझ्या ध्यानातच न्हाई आलं." जणू ढोलवाल्याने वर्षभरात सराव वाढवला होता.

माझं नावडतं मात्र ठरलेलं होतं. भाकरीचं. चांगलं गाणं खराब झालं याचा मला खरोखर राग येई. वहिनी चहा घेऊन येत आणि दारातूनच विचारत, "मास्तर, औंदा बी मीच नापास का?"

"तुम्ही नाही वहिनी, तुमची भाकरी नापास," मी म्हणे. शेषराव हसत. त्यांची लेक सुमन हसणं बघून हसे. तिला तेव्हा धड बोलताही येत नव्हतं.

चौथ्या वर्षी उन्हाळ्यात वहिनींना कावीळ झाली. औरंगाबादला नेलं, पण उशीर झाला होता. सुमन चार वर्षांची होती. घरात वहिनींचा एकच फोटो होता, लग्नातला, आणि त्यात त्यांनी मान खाली घातलेली. त्या साली दसऱ्याला शेषरावांनी नऊ गाणी नेहमीसारखी ऐकली आणि दहावं लागलं तेव्हा सुमनला मांडीवर घेतलं. वहिनींचा आवाज आला. सुमनने दाराकडे पाहिलं. वहीत लिहिताना त्यांनी विचार केलाच नाही. "लिहा. आवडतं, भाकरीचं." माझ्या नावडत्याची जागा त्या साली मी कोरी ठेवली. तेवढं मला सुचलं.

त्यानंतर ती कॅसेट त्यांनी कुणाला दिली नाही. मलाही नाही. माझ्याकडे तिची एक नक्कल होती, पण ती माझ्या टेपने चावून टाकली होती, आणि शेवटची तीन गाणी गेली होती. दुसरी नक्कल करून द्या म्हणालो, तर ते म्हणाले, "पुढं बघू मास्तर. हेड घासून घासून टेप झिजती." मला ते लागलं. इतकी वर्षं आपण यांच्यासोबत ऐकलं, वही लिहिली, आणि आपल्यालाच नाही म्हणतात, असं वाटलं.

पुढच्या खंडेनवमीला दुपारी शेषराव सुमनला घेऊन राजूरजवळच्या आपल्या गावी गेले. पूजेतला दिवा विझू नये म्हणून दुकानाची किल्ली माझ्याकडे देऊन गेले. संध्याकाळी मी दिव्यात तेल घातलं आणि पूजेतली कॅसेट उचलून खिशात टाकली.

जपण्यासाठी नेली असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते खोटं आहे. मला माझी नक्कल हवी होती.

घरी शाळेचा टेपरेकॉर्डर होता. तो दुरुस्त करून देताना शेषरावांनी बजावलं होतं, "मास्तर, ह्याची दात ओळखायची पट्टी मोडलीय, नवी मिळत न्हाई. बिनदाताची कॅसेट बी हे पुसतंय. बराबर बघून बटन दाबा." मी आधी त्यातच कॅसेट घालून, कानात इअरफोन लावून शेवटचं गाणं ऐकलं. दुकानातल्या स्पीकरवर वहिनींच्या वाक्याच्या आधी नुसती खरखर वाटायची. कानात मात्र त्या खरखरीखालची कुजबुजही स्पष्ट ऐकू आली. मग आधी तेवढा शेवट भरून घ्यावा म्हणून मी कॅसेट थोडी मागे घेतली, घरचा टेप वायरने जोडला आणि तूर्त त्यातच कोरी कॅसेट ठेवली. घरचा टेप नुसता वाजवायचा होता, त्यावर भरता येत नसे, म्हणून मूळ कॅसेट घरच्या टेपमध्ये आणि कोरी शाळेच्या टेपमध्ये, असं असायला हवं होतं. ऐकण्याच्या नादात अदलाबदल करायची राहिली, आणि मी शाळेच्याच टेपचं रेकॉर्डचं बटन दाबलं. कानात काही येईना तेव्हा वायर हलवून पाहिली. ती हलवण्यात दोनेक मिनिटं गेली असतील. तेवढ्यात गाण्याचा शेवट, वहिनी, बांगड्या आणि हसू, सगळं गेलं.

मी कॅसेट पूजेत परत ठेवली. दिवा तेवत होता.

दसऱ्याला दुपारी शेषराव आले. नऊ गाणी झाली. दहावं टिपेला पोचलं आणि मध्येच थांबलं. नुसती सूं सूं राहिली. शेषरावांनी आवाज वाढवला. कॅसेट काढून उजेडात धरली, पाठीवरच्या मोडलेल्या जागी बोट फिरवलं, पुन्हा घालून ऐकली. तिसऱ्या खेपेला त्यांनी टेप बंद केला.

"काल सकाळी हेड साफ करून चालवून पाह्यल्तं," ते म्हणाले. "माझ्या टेबलावरच्या टेपला बी ती दात ओळखायची पट्टी न्हाई. तवाच दाबलं गेलं."

मी पूजेतल्या दिव्याची वात सारखी केली.

"त्यानंतर तर किल्ली तुमच्याकडंच व्हती. म्हंजे दुसरं कुनी आलं न्हाई. मंग मीच."

त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी, शेषराव."

त्यांनी वही पुढे केली. "लिहा. आवडतं, भाकरीचं." मग बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. "नावडतं, शेषरावचा हात."

मी ते लिहिलं. माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं. माझ्या रकान्यात आवडतं म्हणून भाकरीचं लिहिलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. "तुमाला बी आता आवडाय लागलं का मास्तर," एवढंच म्हणाले.

दिवाळीनंतर त्यांनी दुकानाच्या पाटीवरचं 'टेपरेकॉर्डर' पुसून टाकलं. रेडिओ, पंखे, मिक्सर करत. कॅसेट अडकलेला टेप कुणी आणला की म्हणत, "जालन्याला घेऊन जा. माझ्या हाताचा भरोसा न्हाई." ज्या कामात त्यांचा अख्ख्या तालुक्यात लौकिक होता, ते काम गेलं. मी रोज संध्याकाळी त्या दुकानात बसत होतो. हजार वेळा तरी सांगता आलं असतं. पहिल्या महिन्यात भीती होती, नंतर इतका उशीर झाल्याची लाज होती, आणि पुढे पुढे तर मी बसलेला असताना मला ते आठवतही नसे. हे शेवटचं कबूल करायला मला सगळ्यात जड जातं आहे.

दसऱ्याचा रिवाज त्यांनी मोडला नाही. दर वर्षी गाणं त्या जागी थांबे, आणि शेषराव समोर बघत, अगदी बेतात, स्वतः म्हणत, "आवो, उठा की आता. भाकर गार होऊन राह्यली." कधी चौघांचं वाक्य पुढे घेत, कधी विसरत. सुमन लहानपणी त्यांच्याबरोबर म्हणे. मोठी झाल्यावर फक्त ऐके.

ती जालन्याला बियाण्याच्या कंपनीत नोकरीला लागली, आणि पहिल्या वर्षी दसऱ्याला चौघांची सीडी घेऊन आली. स्वच्छ, खरखर नसलेली. शेवटचं गाणं मी आयुष्यात पहिल्यांदा संपूर्ण ऐकलं. ज्या शेवटासाठी मी वहिनींना चार वर्षं नापास केलं, तो शेवट काही विशेष नव्हता. तोच सूर चार वेळा वाजवून त्यांनी सोडून दिला होता.

"चांगलंय," शेषराव सुमनला म्हणाले. "पण ह्याच्यात आपलं कुनीच न्हाई गं." आणि पुन्हा जुनी कॅसेट लावली.

तीन वर्षांपूर्वी दम्याने ते गेले. शेवटच्या दिवसांत मी उशाशी बसायचो. एकदा ते म्हणाले, "मास्तर, वर गेल्यावर ती पुसंल, माझा आवाज कुठं हाय? काय सांगू?" मी त्यांचा तो उजवा हात धरला. तेव्हाही खरं सांगितलं नाही.

दिवस झाल्यावर दुकान रिकामं करताना सुमनने ती कॅसेट आणि वही माझ्या हातात ठेवली. "बाबा म्हणल्ते, हे मास्तरकाकाला द्यायचं. म्हणे त्यायचा हात जपणारा हाय."

मी दोन्ही घेतलं आणि घरी आलो. जवळपास तीन वर्षं ती वही उघडली नाही. या खंडेनवमीला कॅसेट घरी पूजेत मांडली. दसऱ्याला सकाळी वही काढून ते पान शोधलं, 'शेषरावचा हात' यातलं 'शेषरावचा' खोडलं आणि वर माझं नाव लिहिलं. मग एसटीने जालन्याला गेलो.

सुमनसमोर पान ठेवून मी सगळं सांगितलं. किल्ली, दिवा, वायर, आणि 'होतं असं कधी कधी'. ती पान बघत राहिली. मग म्हणाली, "काका, बाबानं माझ्या लग्नात अक्षता बी डाव्या हातानं टाकल्या. माहीत हाय का तुमाला?"

मला माहीत नव्हतं. मी त्या मांडवात होतो.

वही मिटून तिने विचारलं, "आई नेमकं काय म्हणायची? बाबा दर खेपी थोडं थोडं येगळं म्हणायचे. मला तर आवाज बी आठवत न्हाई."

मला शब्दन् शब्द पाठ होता. चार वर्षं त्यावर चिडलो होतो. आणि इअरफोनमध्ये ऐकलेली ती कुजबुज माझ्याशिवाय कुणीच ऐकली नव्हती, शेषरावांनीही नाही. मी म्हटलं, "आधी अगदी हळू म्हणायच्या, कडेवरच्या मुलीशी बोलावं तसं. 'गप, सुमे, गप. माझी गुणाची सुमी. थांब, बाबाला हाक मारू.' आणि मग मोठ्याने, 'आवो, उठा की आता.'"

माफीचा विषय सुमनने काढला नाही, मीही काढला नाही. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हटलं. माझ्या घोगऱ्या, म्हाताऱ्या आवाजात ते फार वाईट ऐकू येत होतं. तिने तिसऱ्यांदा म्हणायला लावलं.