केशवरावांचे दात

केशवरावांनी स्वतःचे सहा दात स्वतःच्या हाताने काढले होते. काजं करायचा जाड दोरा मेणावर ओढून घ्यायचा, हलत्या दाताला त्याची गाठ मारायची, दुसरं टोक शिलाई मशीनच्या पायडलला बांधायचं आणि पाय दाबायचा. मग मिठाच्या पाण्याच्या दोन चुळा भरून ते पुन्हा कामाला बसत. दुसऱ्या दिवशी मी दुकानात डोकावले की सांगत, "काल एक टाका उसवला, अक्का." हे सांगताना ते हसत आणि उसवलेली जागा दिसे.

मला अक्का म्हणणारा हा माणूस माझ्याहून चांगला वीस वर्षांनी मोठा होता. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही म्हैसूरला आलो आणि सरस्वतीपुरममध्ये पहिल्या मजल्यावर घर घेतलं. खालच्या गाळ्यात केशवराव ब्लाउज शिवत आणि मागच्या खोलीत राहत. पहिल्याच आठवड्यात मी जिन्यात उभी राहून साताऱ्याला आईशी फोनवर भांडत होते. फोन ठेवून वळले तर हे कात्री हातात घेऊन दारात उभे. "आमचीच भाषा की हो," म्हणाले. त्यांच्या कित्येक पिढ्या म्हैसुरात शिवणकाम करण्यात गेलेल्या. मराठी राहिली होती ती घरात बोलण्यापुरती, आणि आता घरात बोलायला कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी हैदराबादेत, आणि नातवंडांशी फोनवर त्यांचं बोलणं "जेवलास का"च्या पुढे जात नसे. थोडक्यात, मराठी बोलायला त्यांना मी एकटी सापडले होते आणि ते मला सोडत नसत.

"सुम्ने" हा त्यांचा लाडका कन्नड शब्द. आपण "उगाच" म्हणतो तिथे ते "सुम्ने" म्हणत, आणि त्यांच्या लेखी जगातल्या बहुतेक गोष्टी सुम्नेच होत्या. नवा चष्मा सुम्ने, साखरेच्या आजाराच्या गोळ्या रोज घेणं सुम्ने, डॉक्टर तर फारच सुम्ने. "हालत होता, ओढला, अष्टे," म्हणत. अष्टे म्हणजे एवढंच, विषय संपला.

पुढचे दात गेल्यावर त्यांच्या "चांगलं"चं "सांगलं" झालं. मी चिडवायची की सांगली आमच्या साताऱ्याच्या खाली आहे, म्हैसुरात नाही. तेही हसायचे. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की ते माझ्याशी कन्नडच जास्त बोलू लागलेत. माझं कन्नड भाजी आणण्यापुरतं, त्यामुळे आमच्या गप्पा आखडत गेल्या. समाजाच्या जेवणांनाही त्यांनी जाणं सोडलं. पंगत उठायला आली तरी यांची पहिली पुरी संपलेली नसे आणि शेजारचे ताटावर हात धरून वाट बघत बसत. त्यापेक्षा दुकानाचं दार ओढून घ्यायचं आणि दुधात चपाती कुस्करून खायची, हे त्यांना सोयीचं वाटू लागलं. मला ते बघवत नसे, पण मीही वरून कधी ताट घेऊन खाली गेले नाही.

एकदा मात्र मी नेटाने विषय काढला. गावात दातांचं कॉलेज आहे, तिथे मी स्वतः दाढ भरून घेतली होती. शिकणारी मुलं काम करतात, मागे त्यांचे मास्तर उभे असतात, केसपेपरला रिक्षाच्या भाड्याएवढेही पैसे पडत नाहीत, आणि कवळीसुद्धा बाहेरच्यापेक्षा खूप स्वस्तात करून देतात, असं सगळं मी सांगितलं. केशवरावांनी मशीन थांबवलं.

"आमच्यात शिकणाऱ्याला आदी चिंधी देतात, अक्का. वरीसभर चिंधीवर शिवायचं. हात बसला की मग कापड." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मी काय चिंधी हाय?"

मला हसू आलं. इतकं नेमकं बोलल्यावर कुणालाही आलं असतं. पण मी हसले आणि विषय तिथेच संपला. खरं तर तेव्हा त्यांच्यावर रागवायला हवं होतं. मी ब्लाउज उचलला आणि वर निघून आले.

सातवा दात हलत नव्हता. खालची दाढ होती, किडलेली, पण मुळं घट्ट. महिनाभर दुकानात लवंगेचा वास येत होता. मला वाटलं, म्हाताऱ्याला नवी सवय लागली. नंतर तीन दिवस दुकान बंद दिसलं, तर ते मुलीकडे गेले असतील असं मी ठरवून टाकलं. चौथ्या दिवशी मागच्या खोलीत नळ चालू असल्याचा आवाज आला म्हणून दार वाजवलं. केशवरावांचा गाल आणि गळा एक झाला होता. तोंड बोटभरही उघडत नव्हतं, अंगात ताप होता. कटिंगच्या टेबलावर मशीन उघडायची पक्कड पडली होती, आणि तिच्याशेजारी अर्धी दाढ. उरलेली अर्धी आतच मोडली होती.

मी रिक्षा करून त्यांना त्याच कॉलेजात नेलं. तपासायला एक शिकणारी मुलगी आली. तिने एकदाच पाहिलं आणि मास्तरांना बोलावून आणलं. ते म्हणाले की पू जिभेखाली आणि गळ्यात उतरलाय, श्वास अडकू शकतो, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. ती मुलगी आमच्याबरोबर रिक्षात बसली. वाटेत तिने त्यांना अज्जा म्हणत सांगितलं की आधीचे सहा निघाले ते नशिबाने, अंगात साखर असताना असं कधी करायचं नाही, दुखलं त्याच दिवशी यायचं. मला हळूच म्हणाली की वेळेवर आले असते तर अर्ध्या तासाचं काम होतं. तिने त्यांचं डोकं धरलं होतं आणि तिचा हात जराही हलत नव्हता. केशवराव सगळा रस्ता त्या हाताकडे बघत होते.

दवाखान्यात त्यांच्या जबड्याखाली चीर देऊन पू काढला, नळी घातली. संध्याकाळी मी कॉटजवळ बसले होते. त्यांची मुलगी हैदराबादेहून सकाळी पोचणार होती. भेटीची वेळ संपली तशी मी उठले, तेव्हा त्यांनी खुणेने पेन मागितलं आणि औषधाच्या चिठ्ठीमागे काहीतरी लिहून माझ्या हातात दिलं. अक्षरं कन्नड होती. केशवरावांना मराठी बोलता येई, पण लिहायचे ते कन्नड अक्षरांत. दुसरी त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. आणि मी अकरा वर्षं म्हैसुरात राहून बसच्या पाटीपलीकडे कन्नड वाचायला शिकले नव्हते. आजारी माणसाला हे सांगायची मला लाज वाटली. दुकानाच्या किल्लीचं किंवा कुणाच्या राहिलेल्या ब्लाउजचं काही असेल, घरी गेल्यावर कुणाकडून वाचून घेऊ, असा विचार केला. मी वाचल्यासारखं केलं, "हो, हो" म्हटलं आणि चिठ्ठी पर्समध्ये टाकली. त्यांनी डोळे मिटले. मी बस पकडून घरी आले, कुकर लावला आणि चिठ्ठी विसरले.

सकाळी दवाखान्यातून फोन आला, केशवराव पहाटे गेले. मी पोचले तेव्हा कॉट रिकामी होती आणि मुलगी अजून वाटेतच होती. नर्सने काही कागद मागितले. ते काढताना चिठ्ठी हाताला लागली. मी ती तिच्यापुढे धरली आणि वाचून दाखवायला सांगितलं. तिने कपाळाला आठ्या घातल्या. हे कन्नड नाही, म्हणाली. मी म्हटलं, तरी वाचा. अर्थ कळत नव्हता म्हणून ती एकेक अक्षर लावत, सावकाश वाचत गेली.

"अक्का, आज इथंच ऱ्हावा. एकट्याला भेव वाटतंय."

काय लिहिलंय, असं तिने मला विचारलं. मी माझ्या मोडक्या कन्नडात सांगितलं की त्यांनी मला काल इथे थांबायला सांगितलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं.