आधी झाकण, मग फांदी

अक्षय तृतीयेच्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चेंबरचे झाकण गाळ काढताना फुटले. जबाबदार : नालेसफाईचा कंत्राटदार. त्याच आठवड्यात माझे पहिले पत्र प्रभाग कार्यालयात दाखल झाले. शिक्क्याची पोच माझ्याजवळ आहे. पाहणीस कोणी आले नाही. जबाबदार : कनिष्ठ अभियंता. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी चेंबरवरची खूण उचलून नेण्यात आली आणि चेंबर उघडे ठेवण्यात आले. जबाबदार : त्या आदेशावर सही करणारे अधिकारी. नागपंचमीला पाणी भरले. गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी सकाळी एक माणूस गेला. या प्रकरणात आणखी एक इसम जबाबदार आहे. त्याचा उल्लेख योग्य ठिकाणी येईल.

गल्लीचे नाव मी देत नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत ज्या कोणत्या कार्यालयाला हे आपल्याविषयी आहे असे वाटेल, त्याने तसे समजण्यास माझी हरकत नाही. माझ्या पत्रांवर तारखा इंग्रजी असतात. इथे तिथी लिहिल्या, कारण ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांचे वर्ष तिथींनी चालत असे. त्यांचेही नाव लिहीत नाही. त्यांच्या पत्नीला विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "नाव कशाला काका? सगळे दादाच म्हणायचे."

तुमच्यापैकी काहींनी दादांचा नमस्कार पाहिला असेल. ते खोपटच्या बस डेपोत मेकॅनिक होते. संध्याकाळी परतताना हात ग्रीसने काळे असत, आणि वाटेत मारुतीचे देऊळ. काळे हात देवासमोर जोडायचे नाहीत, म्हणून ते दोन्ही मनगटे एकमेकांना टेकवून, बोटे बाहेर वळवून नमस्कार करीत. हातकडी घातलेला माणूस उभा राहावा तसे ते दिसे. मी तेहेतीस वर्षे दिवाणी न्यायालयात नोकरी केली, त्या सवयीने एकदा मी त्यांना म्हणालो, "दादा, कोणत्या कलमाखाली अटक झाली आहे?"

"जन्मठेप आहे काका," ते म्हणाले. "जामीन नाय मागत."

ते मूळचे खाडीकाठच्या गावचे. वडील मासेमारी करीत. दादा मात्र लोखंडात रमले. आमच्या इमारतीमागच्या चाळीत दोन खोल्या, पत्नी, बारावीतली मुलगी. पहाटे पाचला घर सोडायचे, संध्याकाळी सहाला परतायचे, आणि अंघोळ करून पुन्हा बाहेर पडायचे. कोणाची तिरडी बांधायची असो, कोणाला रक्त हवे असो, विसर्जनाच्या घाटावर छातीभर पाण्यात उभे राहून लोकांचे गणपती हातात घ्यायचे असोत, दादा तिथे आधीच पोचलेले असत. त्यांचे एकच वाक्य सगळ्या प्रसंगांना पुरत असे. "मी आहे ना."

माझ्या पत्नीला शेवटच्या आजारात खाली न्यायचे होते, तेव्हा आमची लिफ्ट बंद होती. त्या विषयावर माझी सोसायटीला चार पत्रे गेलेली होती. दादांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवले, खुर्ची पाठीवर घेतली आणि एकेक पायरी उतरू लागले. मी मध्ये मध्ये सूचना करीत होतो. ते वळूनही न पाहता म्हणाले, "काका, तुम्ही फाईल घेऊन पुढे व्हा. मी आहे ना." माझी पत्नी त्या अवस्थेत हसली. घरातल्या घरात तिने मला हेच अनेकदा सांगितले होते.

देवळात त्यांची सेवा चपलांच्या मांडणीपाशी होती. शनिवारी मारुतीला रांग लागते. दादा रांगेत कधी दिसले नाहीत. ते बाहेर बसून लोकांच्या चपला जोडीने लावीत, तुटलेला अंगठा तारेने शिवून देत. पुजाऱ्यांनी गाभाऱ्यात बोलावले तर म्हणत, "माझं आत काम नाय. पाय आले की माणूस आलाच की." आणि हाच माणूस श्रावणभर अनवाणी राही. डेपोच्या दारापर्यंत बूट पिशवीत, आत गेल्यावर पायात, बाहेर पडताना पुन्हा पिशवीत. मुलगी चिडवी, "बाबा, बुटांना पण उपास घडतो तुमच्यामुळे." केरोसीन आणि ग्रीस यांनी त्यांच्या टाचांना वर्षभर भेगा असत. या भेगा वाचकांनी लक्षात ठेवाव्यात.

आता चेंबर. झाकण फुटल्यानंतर मी पत्रे लिहीत होतो आणि दादा उपाय शोधत होते. वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी रस्त्याकडेच्या वडाची छाटणी झाली होती. त्यातली एक पुरुषभर उंचीची फांदी त्यांनी आणून चेंबरमध्ये रोवली, शेंड्याला देवळातल्या नारळाचे लाल कापड बांधले. धोक्याची खूण म्हणून हे आपल्याकडे सर्रास केले जाते. वडाचीच का, असे मी विचारले. "हिरवी राहते काका. लांबून दिसेल."

ती दिसली. वटपौर्णिमेच्या सकाळी समोरच्या नव्या टॉवरमधली एक नवविवाहिता पूजेचे ताट घेऊन वड शोधत निघाली होती. शहरात बायका फांदीची पूजा करतातच. हिला भर रस्त्यात लाल वस्त्र ल्यालेली, उभी रोवलेली वडाची फांदी दिसली. तिने मनोभावे सूत गुंडाळले. तिचे पाहून दुसरीने, दुसरीचे पाहून दहाव्या बाईने. दुपारपर्यंत तिथे सुताचे वेटोळे, आंबे आणि फणसाचे गरे यांची रास झाली होती. दादांच्या पत्नी माझ्या दारात येऊन पदराने तोंड दाबत सांगत होत्या, "काका, खिडकीतून बघा तरी. गटाराकडे सात जन्मांचा नवरा मागतायत."

दादा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "लोक बाजूने जातायत ना? बस झालं."

पुढच्या महिन्यात तिथे शेंदूर लावलेला दगड आला. तो कोणी ठेवला, ते आजवर कोणी कबूल केलेले नाही. मग उदबत्तीचे घर, मग वर पत्र्याचे छप्पर, आणि छपरावर एका होतकरू पुढाऱ्याचा हात जोडलेला फलक. पदपथावर अनधिकृत प्रार्थनास्थळ उभे राहत होते आणि कायदा मला झोपू देत नव्हता.

दिव्यांच्या अवसेला चार दिवस होते. दादांच्या घरी श्रावणाआधी सुके मासे संपवण्याची घाई होती. माझ्यासाठी मात्र वेगळ्या भांड्यात केलेली वालाची भाजी घेऊन ते आले. पत्नी गेल्यापासून आठवड्यातून दोनदा असा डबा येत असे. मी टेबलापाशी लिहीत होतो.

"काय काका, आज कोणाची पाळी?"

मी वाचून दाखवले. मागणी क्रमांक एक : सदर ठिकाणचे अनधिकृत बांधकाम व पूजासाहित्य तत्काळ हटवावे. मागणी क्रमांक दोन : चेंबरवर मजबूत झाकण बसवावे.

दादांनी डबा खाली ठेवला. "फांदी पण काढणार?"

"ती फांदी तुम्हीच लावली आहे दादा. तो देव नाही, हे तुमच्याइतके कोणाला माहीत आहे?"

"मला माहीत आहे. लोकांना नाय माहीत, म्हणून तर ते बाजूने जातात." त्यांनी कागदावरच्या दुसऱ्या मागणीवर बोट ठेवले. "काका, आधी झाकण लिहा. मग फांदी."

"एकाच अर्जातल्या मागण्यांना क्रम नसतो. दोन्ही सारख्याच बंधनकारक असतात."

"असेल. तुम्ही शिकलेले. पण आधी झाकण लिहिलं तर बरं."

पत्राची स्वच्छ प्रत तयार होती. केवळ क्रमासाठी ती पुन्हा लिहिणे मला आवश्यक वाटले नाही.

ज्या कार्यालयाला तीन महिने एक झाकण सापडले नव्हते, त्याला श्रावणातल्या पहिल्या सोमवारी एक गाडी, पाच माणसे आणि फोटो काढणारा एक कर्मचारी सापडला. अर्ध्या तासात पत्रा, दगड, सूत, फांदी सगळे गेले. चेंबर तसेच राहिले. दोन दिवसांनी मला पत्र आले : मागणी क्रमांक एकची पूर्तता करण्यात आली आहे, मागणी क्रमांक दोन विचाराधीन आहे. माझ्या इतक्या वर्षांच्या पत्रव्यवहारात इतक्या त्वरेने आलेले हे एकमेव उत्तर.

चौथा इसम तो मी.

सोमवारी संध्याकाळी कामावरून येताच दादांनी तिथे बांबू रोवला. नागपंचमीच्या सकाळी भरतीची वेळ आणि मुसळधार पाऊस एकत्र आले. गल्लीत गुडघाभर काळे पाणी चढले आणि बांबू वाहून गेला. दादांची त्या दिवशी सुट्टी होती. दुपारी शाळा सुटायच्या सुमारास मी खिडकीत आलो, तेव्हा ते चेंबरच्या काठावर, बांबूच्या जागी, उभे होते. अनवाणी. हातात मिटलेली छत्री उंच धरलेली, तिच्या टोकाला लाल कापड.

"ताई, उजवीकडून या. भिंत धरा. इथं खड्डा आहे." एक मोटारसायकलवाला पाणी उडवत आला आणि ओरडला, "अंकल, साइड द्या ना." दादा हलले नाहीत. "मी साइड दिली तर तू थेट खाडीत निघशील रे बाळा. तिकडून घे."

तीन वाजले, चार वाजले. मी वरून हाक मारली, "दादा, पुरे आता. घरी जा. आजारी पडाल."

त्यांनी वर पाहिले. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होते, पण ते हसत होते. "काका, तुमची दुसरी मागणी मंजूर होईपर्यंत मी आहे ना."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता. मी खाली उतरलो नाही. गुडघे दुखत आहेत, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. पाणी ओसरेपर्यंत, म्हणजे दिवेलागणीपर्यंत, ते तिथे होते. त्या दिवशी त्या चेंबरमध्ये कोणीही पडले नाही.

नारळी पौर्णिमेला अंगात ताप असताना ते खाडीवर नारळ वाहायला गेले. घराण्याचा रिवाज मोडायचा नाही म्हणून. परतले ते मुलीच्या खांद्यावर हात ठेवून. डोळे पिवळे झाले होते. रुग्णालयात डॉक्टरांनी विचारले, घाण पाण्यात उभे राहिला होतात का? दादा म्हणाले, "थोडा वेळ." मुलगी म्हणाली, "सहा तास." डॉक्टरांनी टाचांच्या भेगा पाहिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितले, उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून हा ताप येतो, भेगांतून शिरतो. मूत्रपिंडे निकामी होत होती.

शेवटच्या दिवशी मी खाटेशेजारी उभा होतो. हात बांधल्यासारखे होते, दोन्ही बाजूंना नळ्या होत्या. मला पाहून त्यांनी मनगटे जवळ आणायचा प्रयत्न केला. ती एकमेकांना टेकली नाहीत.

ते गेल्यावर दोन दिवसांनी, गोपाळकाल्याला, आमच्या गल्लीत दहीहंडी बांधली गेली नाही. दोरी पोरांनी गच्चीवर नेऊन ठेवली होती. ती तशीच परत उतरवली. पुढच्या शनिवारी देवळासमोर चपलांचा ढीग पडला होता. लोक दर्शन घेऊन येत, ढिगाकडे पाहत आणि आपली जोडी शोधताना एकमेकांशी भांडत.

मृत्यूच्या दाखल्यावर तापाचे नाव आहे. बाराव्या दिवशी दादांच्या पत्नींनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. "काका, तापाने गेले एवढंच लिहिलंय. ते कुठं उभे होते, ते कुठंच नाय. उद्या पोरीला कोणी विचारलं तर ती काय दाखवणार? तुम्ही लिहा ना कुठंतरी. सरकारी कागदावर."

मी त्यांना माझ्या पत्राविषयी सांगितले. मागण्यांचा क्रम सांगितला. दादांनी काय सुचवले आणि मी काय उत्तर दिले, तेही सांगितले. त्या बराच वेळ दाखल्याची घडी घालत राहिल्या.

"फांदी नेली त्या सोमवारीच सांगितलेलं त्यांनी मला," त्या म्हणाल्या. "म्हणाले, काकांना काय बोलू नको. त्यांनी झाकण पण लिहिलंय."

मी अर्ज केला : दिवंगताचा मृत्यू उघड्या चेंबरमुळे झाल्याची नोंद घ्यावी. उत्तर आले : सदर चेंबरमध्ये कोणतीही व्यक्ती पडल्याची नोंद या कार्यालयात नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. ते खरे आहे. कोणी पडले नाही. का पडले नाही, हे विचारण्याची तरतूद तुमच्या नमुन्यात नाही.

झाकण आजही बसलेले नाही.

म्हणून हे लिहिले. मी माझ्या वाट्याचे उत्तर इथे सर्वांसमोर दिले आहे : मी क्रम चुकवला, मला वेळेवर सांगण्यात आले होते, आणि मी प्रत बदलली नाही. आता ज्यांनी पहिली मागणी वाचून दुसरीपूर्वी कागद मिटला, त्या अधिकाऱ्यांनी उत्तर द्यावे. नागपंचमीच्या दिवशी तुमच्या चेंबरवर सहा तास कोण उभे होते, आणि कोणाच्या जागी? उत्तर टपालाने पाठवू नये. मी ते स्वीकारणार नाही. गल्लीच्या तोंडाशी येऊन, त्यांच्या पत्नी आणि मुलीसमोर, लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात द्यावे, आणि मग ते लिहून त्याखाली सही करावी. जागा सापडणे कठीण नाही. चेंबरपाशी एक प्लास्टिकची खुर्ची आहे आणि तिच्या पाठीला लाल कापड बांधलेले आहे. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत मी तिथे असतो.