तळमजल्यावर मशीन, वर तबला

आमच्या लॅबच्या लॉगबुकात प्रत्येक सॅम्पलपुढे 'शेरा' म्हणून एक रकाना आहे. रुंदी दोन बोटं. त्यात 'ठीक' किंवा 'पुन्हा' एवढंच मावतं. बाकीचं सगळं गेली एकोणीस वर्षं माझ्या डोक्यात साठत आलंय. घरी मी "लॅबमध्ये ना एकदा..." म्हटलं की लगेच टीव्हीचा आवाज वाढतो. म्हणून तुम्हाला सांगते.

धारवाडच्या एका कॉलेजात मी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवते. साध्या मायक्रोस्कोपमधून मुंगीचा डोळा दिसतो, तर यातून त्या डोळ्यावरची धूळ दिसते. मशीन जुनं आहे, मी आल्यापासूनच जुनं आहे. बसण्णा तर माझ्याही आधीपासून आहेत. ते आमचे अटेंडंट. मशीन पुसणं, सॅम्पल बसवणं, खोलीची किल्ली, सगळं त्यांच्याकडे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत.

यंदा वरून पत्र आलं. यंत्र जुनं झालं आहे, समिती येऊन बघेल, चित्र स्थिर येत नसेल तर भंगारात काढा. मशीन गेलं तर मला कुठेतरी प्रॅक्टिकलं घ्यायला लावतील आणि बसण्णांना परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला धाडतील. पत्र ऐकून ते एवढंच म्हणाले, "अक्का, गठ्ठ्यात बघायला काय असतंय हो?"

समितीचं शेवटी सांगते. आधी सोन्याचं.

*

या मशीनमध्ये पान, किडा, केस असलं काही बघायचं तर आधी त्यावर सोन्याचा मुलामा चढवावा लागतो, नाहीतर चित्र धड येत नाही. मुलामा इतका पातळ की डोळ्यांना दिसत नाही. ही बातमी कुठून फुटली कोण जाणे, पण एक दिवस माझ्या नणंदेच्या ओळखीच्या बाई हुबळीच्या दाजीबानपेठेतून बस धरून थेट लॅबमध्ये हजर! पदराची गाठ सोडून कानातलं काढलं. "झिजलंय हो. जरा तुमच्या मशीनमधून फिरवून द्या."

मी नीट समजावलं. सोनं खरंच असतं, पण वजनात कळत नाही, हाताला जाणवत नाही, नजरेला दिसत नाही.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे सोनं आहे, पण दिसत नाही."

"हो."

"आमचा सोनार पण असंच म्हणतो," त्या म्हणाल्या आणि कानातलं पुन्हा पदरात बांधून निघाल्या.

*

तारिहाळचे एक कारखानदार तुटलेला बोल्ट घेऊन आले. तुटल्या जागेचं चित्र पाच हजार पट मोठं करून मी पडद्यावर आणलं. त्यांचा चेहराच उतरला. "एवढी मोठी दरी! आणि याच्या जिवावर मी प्रेस चालवत होतो?" फोटो त्यांनी तिथूनच बोल्टवाल्याला पाठवला.

दुसऱ्या दिवशी बोल्टवाला आला. त्याच लॉटमधला नवा कोरा बोल्ट त्यानं माझ्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, याचा फोटो काढा. पण जरा लांबून. स्थळाला पाठवायचा फोटो कुणी एवढ्या जवळून काढतं का?"

*

खंडेनवमीला बसण्णा मशीनची पूजा करतात. हळदकुंकू, विभूतीचे तीन पट्टे, झेंडूचा हार. नारळ मात्र जिन्यात फोडायचा, मशीनवर पाणी उडायला नको, असा नियम मी केला होता. आपण फार सावध आहोत असं मला तेव्हा वाटायचं.

एका वर्षी दसऱ्यानंतर आमचे विभागप्रमुख पाटीलसर मातीचं सॅम्पल बघत बसले होते. मातीत मधेमधे चमकदार कण दिसले. असे कण त्यांनी कुठल्याच पेपरात बघितले नव्हते. तपासलं तर भरपूर कॅल्शियम! आठ दिवसांत सरांनी निम्मा पेपर लिहून काढला. कणांना नावसुद्धा ठरलं, त्यांच्या आईचं.

बसण्णा फरशी पुसता पुसता पडद्यापाशी थांबले. "सर, ही विभूती की हो."

सर हसले. "बसण्णा, शास्त्रात असं नुसतं बघून सांगता येत नाही. कशावरून म्हणता?"

"पूजा करून हात न धुता सॅम्पल मीच बसवलं होतं."

तो निम्मा पेपर अजून सरांच्या कपाटात आहे. मी विषय काढत नाही.

*

आता तबला. आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, संगीत विभाग आहे. हे धारवाड आहे, कुणाच्या तरी डोक्यावर तो असणारच.

या मशीनमध्ये चित्र एकदम येत नाही. विणकामासारखी वरून खाली एकेक ओळ उमटत जाते, चांगलं मिनिटभर. तेवढ्यात जमीन थरथरली की सरळ कडेला खाच पडते. म्हणून बसण्णा खिडकीत उभे राहतात, हुबळीची बस गेली की "हां, आता!" म्हणतात आणि मी बटण दाबते. तबल्याला मात्र वेळापत्रक नाही.

एकदा वैतागून मी खाचाखाचांचं चित्र घेऊन वर गेले. तबला शिकवणाऱ्या कुलकर्णी मास्तरांसमोर ते ठेवलं. "बघा, तुमच्या क्लासनं माझ्या झुरळाच्या पायाचं काय केलंय!"

मास्तरांनी चष्मा लावला. पेन्सिलीनं खाचा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग पुढ्यातल्या शिष्याकडे वळले. शिष्य म्हणजे बँकेतून रिटायर झालेले देसाई.

"देसाई, अकराव्या मात्रेला घाई करता म्हणून रोज सांगतोय. आता शास्त्रानंही सांगितलं!"

चित्र मला परत मिळालं नाही. क्लासच्या भिंतीवर लावलंय.

*

समिती मंगळवारी आली. तिघे होते, पण बोलणारे एकटे अध्यक्ष, बंगळूरचे. बसण्णांनी सकाळीच वर जाऊन तबला तासभर बंद ठेवायला सांगितलं होतं. अध्यक्षांना मी मशीनशेजारी खुर्ची दिली, मशीनच्या चौथऱ्याला अगदी लागून. बसण्णा खिडकीत गेले. बस गेली. "हां, आता!"

मी बटण दाबलं. चित्र उतरत गेलं आणि कडेला खाचा! बारीक, वरून खालपर्यंत. पुन्हा घेतलं, पुन्हा खाचा. रस्ता रिकामा, वर सामसूम. पंपाच्या घरघरीशिवाय कसला आवाज नाही.

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. "यंत्र आतूनच हलतंय. काढून टाका."

पाटीलसर पडद्याजवळ येऊन खाचा बघू लागले. खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं. बसण्णांकडे बघायचा धीर होईना. शेवटी बघितलं तर ते खिडकीत नव्हतेच. दोन मिनिटांत कुलकर्णी मास्तरांना हाताला धरून घेऊन आले.

"मास्तर, हे काय वाजतंय बघा की जरा."

"हे कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"तज्ज्ञ," पाटीलसर म्हणाले.

मास्तरांनी चष्मा लावला. पडद्यावरच्या खाचा बोटानं मोजल्या. मांडीवर हलकेच ठेका धरून बघितला.

"तबला नव्हे," ते म्हणाले. "बस नव्हे. मशीनही नव्हे, मशीन इतकं बेशिस्त नसतं. हा पाय आहे."

सगळ्यांनी खाली बघितलं. अध्यक्षांचा उजवा पाय चौथऱ्याच्या कडेवर बुटासकट टकटक करत होता. तो थांबला.

मी कुणाला न विचारता बटण दाबलं. या वेळी कड पट्टीनं ओढल्यासारखी सरळ आली. बसण्णांनी डोळे पुसले आणि मग त्याच फडक्यानं टेबल पुसलं.

मास्तर जाता जाता दारात थांबले. "लय बरी आहे," अध्यक्षांना म्हणाले, "पण समेवर येत नाही. आमचा संध्याकाळी क्लास असतो."

पंधरा दिवसांनी अहवाल आला. बसण्णांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "यंत्र उत्तम स्थितीत आहे. वापर चालू ठेवावा. निरीक्षकांची खुर्ची खोलीबाहेर ठेवावी."