पार्किंगच्या पलीकडे

माणूस स्वतःच्या घरात जी घाण करत नाही ती भाड्याच्या गाडीत करतो, हे झामसिंग कुंभरेचं पक्कं मत होतं, आणि या मताला दर फेरीनंतर नवा पुरावा मिळत असे. देवरीच्या दुर्गाप्रसाद शेठच्या ट्रॅव्हल्सवर तो ड्रायव्हर होता. पाहुणे हसतखेळत उतरून घरात गेले, की बादली आणि फडकं घेऊन गाडीत शिरायचं ते त्यानं. सीटच्या फटीत कोंबडीची हाडं. दाराच्या खिशात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी, आणि काच खाली करून थुंकायचाही ज्याला कंटाळा आला त्यानं त्याच खिशात मारलेली पिंक. लेकराचा भरलेला लंगोट सीटखाली सरकवून एखादी आई उतरताना वर म्हणणार, "भैया, खाली काहीतरी पडलंय, बघून घ्या." घाटातल्या ओकाऱ्यांचं तर विचारूच नका. आणि या सगळ्यावर आरशाला लटकलेली ती गुलाबाच्या वासाची डबी! झामसिंगला घाणीपेक्षा त्या गुलाबाचीच जास्त शिसारी यायची. घाण निदान खरी तरी होती.

तो देवरीच्या पलीकडच्या जंगलपट्टीतला. बाप तेंदूपत्ता तोडायचा, घरची थोडी धानाची बांधी. झामसिंग पोरवयातच सडक अर्जुनीला महामार्गावरच्या ढाब्यांवर ट्रकचा क्लीनर म्हणून लागला, ट्रकवरच गाडी शिकला, आणि मग दुर्गाप्रसाद शेठनं त्याला जो धरला तो आता केस पिकले तरी सोडला नव्हता. शेठ तसा वाईट नव्हता. पगार वेळेवर द्यायचा, दिवाळीला कापड द्यायचा. फक्त झामसिंगला स्वतःची काही इच्छा असू शकते, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

गावात लोक म्हणायचे, झामसिंगनं सारा देश पाहिला. पाहिला होता, पण पार्किंगपर्यंत. अजिंठा, सांची, खजुराहो, सगळीकडे तो जाऊन आला होता आणि कुठंही आत गेला नव्हता. कुठल्या जागी सावलीला कडुनिंब आहे, कुठं नळाला पाणी येत नाही, कुठली माकडं वायपर उपटतात, हे त्याला तोंडपाठ. पाहुणे आत जायचे आणि हा गाडी राखत बसायचा. परत आले की तो आशेनं विचारायचा, "आत काय हाये जी?"

"काही नाही रे, दगडं आहेत नुसती. चालून चालून पाय गेले. एसी लाव."

असं एकानं म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. पण सगळे तेच म्हणायचे! एवढा खर्च करून, एवढं ओकून, एवढी घाण करून जायचं, आणि येताना काय आणायचं, तर दगडं आहेत नुसती. मग परतीच्या वाटेवर फोटो कुणाचा चांगला आला यावर भांडण, नाहीतर जेवणात पनीर किती कमी होतं याची चर्चा. गाढवाला गुळाची चव काय, असं झामसिंग मनात म्हणायचा आणि गियर टाकायचा. त्याच्या गावाबाहेर साजाच्या झाडाखाली त्याचे देव होते, आणि ते दगडच होते. त्यांच्या जवळून जाताना म्हातारेकोतारे अजूनही पायताण काढतात. दगडाला 'नुसता' म्हणणाऱ्या माणसांचा त्याला वीट आला होता.

परदेशाचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते सोनौलीच्या सीमेवर. तो एक पार्टी घेऊन तिथवर गेला होता. पार्टीला लुंबिनी पाहायची होती, पण गाडीचा नेपाळचा परवाना काढायचा शेठला कंटाळा. तेव्हा पार्टी पलीकडे गेली आणि झामसिंग अलीकडे गाडीपाशी राहिला. "गाडी सोडून हलायचं नाही," शेठनं फोनवर बजावलं. तो बसून राहिला आणि समोरची कमान बघत राहिला. डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया, सायकलवरची पोरं, काठी टेकत चाललेले म्हातारे, सगळे आपापल्या पायांनी सरळ दुसऱ्या देशात चालले होते. त्यांना कुणी हटकत नव्हतं. अडकून पडली होती ती गाडी, आणि गाडीला बांधलेला झामसिंग.

त्याच दिवशी त्यानं ठरवलं. जायचं, बायकोला घेऊन जायचं, आणि चार दारांच्या कुठल्याही डब्यात पाय ठेवायचा नाही.

त्याची पोरगी रीना गोंदियाला एका दवाखान्यात नर्स होती. धान कापून झाल्यावर ती सुट्टीला घरी आली तेव्हा अंगणात बेत शिजला. रीना फोनवर बघून सांगत होती, झामसिंग खाटेवर बसून ऐकत होता, आणि त्याची बायको धनवंता सुपात लाखोरीची डाळ पाखडत होती.

"आमगावहून रेल्वेनं दुर्ग," रीना म्हणाली. "दुर्गहून नौतनव्याले गाडी जाते. तिथून सोनौली जवळच हाये. पासपोर्ट लागत नाई बाबा, मतदान कार्ड चालते. पलीकडं भैरहवा. तिथून लुंबिनीले टॅक्सी भेटते."

"टॅक्सीचा नाव नोको काढू."

"मंग बस हाये."

"बसनं जाऊ. बसच्या खिडकीतून हवा तं येते."

लुंबिनीला आत सगळं पायीच फिरायचं, हे ऐकून तो खूश झाला. गाड्या बाहेर, माणसं आत! असंही गाव जगात आहे म्हणायचं. अशोकाचा खांब पाहायचा, बुद्ध जिथं जन्मला ती जागा पाहायची. मग लोकल बसनं तौलिहवा, आणि तिथून थोड्याच अंतरावर तिलौराकोट, जुन्या राजधानीच्या नुसत्या भिंती उरल्या आहेत ते. रीनाला त्यात फारसं काही दिसलं नाही. झामसिंगनं मात्र फोन हातात घेऊन त्या पडक्या विटांचा फोटो बराच वेळ पाहिला.

"तौलिहव्याहून इ-रिक्शा लागन, बाबा. ते चालते काय?"

झामसिंगनं विचार केला. "तिले दार नाई, काच नाई. वास कोंडून राहत नाई. चालते."

"अन् माहे पाय दुखले तं मी बसन कोठी?" धनवंतानं सुपातून मान वर न करता विचारलं.

"तिथं राजाच्या वाड्याचे दगड हायेत. त्याच्यावर बस."

धनवंता हसली. तिला गाडी नको हे तर बरंच होतं. एसटीच्या खिडकीत बसून ती नागपूरपर्यंत जायची, पण बंद काचांची गाडी तिला सोसत नसे. काचा चढल्या आणि तो गुलाब दरवळायला लागला, की तिचं पोट ढवळलंच म्हणून समजा.

आता उरली सुट्टी. झामसिंगनं शेठकडे आठ दिवसांची रजा मागितली आणि शेठनं विचारलं म्हणून खरं ते सांगून टाकलं. शेठ आधी पोट धरून हसला. "नेपाळ? पैदल? अरे झामसिंग, पागल झालास का रे?" मग हसू ओसरलं आणि त्याच्या डोळ्यांत निराळीच चमक आली. ती झामसिंगच्या नजरेतून सुटली नाही.

संध्याकाळी शेठ स्वतः त्याच्या घरी आला. खाटेवर बसला, चहा प्याला आणि देव प्रसन्न झाल्यासारखा बोलला. "देख, तुझी शेठाणी वच्छला किती दिवसांपासून नेपाळ नेपाळ करून राहिली. तिचा भाऊ-भावजय पण तयार आहेत. नवी सात सीटर काढू. परवाना पण काढतो या वेळी, सीधा आतपर्यंत. तुला रस्ता माहीत आहेच. तू अन् भाभी, दोघांचं फुकट! आता बोल."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. ज्याचा बेत त्यालाच त्यात ड्रायव्हर म्हणून फुकट घेऊन चालला होता, आणि वर उपकाराचं ओझं ठेवत होता. भीक नको पण कुत्रा आवर, अशी झामसिंगची गत झाली. त्याच्या डोळ्यांसमोर लुंबिनीचं पार्किंग उभं राहिलं. खांब तिकडे आत, आणि तो इकडे माकडं हाकलत बसलेला. आत जाऊन आलेला शेठ म्हणणार, काही नाही रे, एक दगडाचा खांब आहे नुसता. एसी लाव.

त्याला नाही म्हणायचं होतं. शब्द अगदी जिभेवर होता. आणि त्यानं आपल्याच कानांनी आपलंच तोंड बोलताना ऐकलं, "जी शेठ."

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. आजवर त्याला दुसऱ्यांची किळस येत आली होती. हाडं टाकणाऱ्यांची, थुंकणाऱ्यांची, ओकणाऱ्यांची. आज पहिल्यांदा स्वतःची आली. 'जी शेठ' ही त्याला आपल्याच तोंडातली पिंक वाटली, जी थुंकताही येत नाही आणि गिळताही येत नाही. रीनाला फोनवर सांगितलं तर तीही म्हणाली, "बरं झालं ना बाबा. मायले आराम भेटन. मी उलटीची गोळी पाठवून देतो." आराम! झामसिंगनं फोन ठेवून दिला. धनवंतानं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ती भांडी घासायला गेली.

निघायच्या सकाळी त्यानंच गाडी धुतली. शेठ पुढं बसला, मधल्या सीटवर वच्छलाबाई आणि तिचे भाऊ-भावजय. धनवंता आपली पिशवी घेऊन दाराशी उभी राहिली तशी वच्छलाबाई म्हणाली, "तुम्ही मागं बसा ना. सामानाजवळ जागा आहे." सामानाजवळ म्हणजे सुटकेसांच्या आणि फरसाणाच्या डब्यांच्या मधोमध. धनवंता गुडघे पोटाशी घेऊन तिथं बसली. झामसिंगनं आरशात पाहिलं तर तिचं अर्धंच तोंड दिसत होतं, बाकी सुटकेस.

काचा चढल्या. गुलाब दरवळला. शेठच्या मेहुण्यानं खर्र्याची पन्नी उघडली. आमगाव जवळ आलं आणि मागून तो आवाज आला. हा आवाज झामसिंगनं आयुष्यात इतक्यांदा ऐकला होता की झोपेतही ओळखला असता. धनवंतानं केलं ते थोडंथोडकं नव्हतं. डबे, सुटकेस, वच्छलाबाईच्या शालीचा पदर, काही सुटलं नाही.

"छी छी छी!" वच्छलाबाई किंचाळली. भावजयीनं नाकाला ओढणी लावली. मेहुणा, ज्याच्या गालात त्या घडीला अर्धा खर्रा कोंबलेला होता, तो म्हणाला, "काय घाणेरडी बाई आहे!"

याच वच्छलाबाईची ओकारी झामसिंगनं चिखलदऱ्याच्या घाटात आपल्या हातांनी पुसली होती. तेव्हा कुणी छी म्हटलं नव्हतं. तेव्हा सगळे म्हणाले होते, बिचारीला त्रास होतोय.

"गाडी घे बाजूला," शेठ नाक दाबून म्हणाला. "जल्दी पुसून घे सगळं. अन् भाभीला बसनं घरी पाठव. असं नेपाळपर्यंत कसं जमेल?"

"जी शेठ," झामसिंग म्हणाला आणि उतरला.

त्यानं मागचं दार उघडलं. बायकोचा हात धरून तिला खाली उतरवलं, बाटलीतल्या पाण्यानं तिचं तोंड धुतलं, हात धुतले, पदर पिळून दिला. मग आपली पिशवी बाहेर ओढली. गाडी तशीच होती. फडकं जागेवर होतं. त्यानं किल्ली शेठच्या हातात ठेवली.

"अरे, पण पुसलं कुठं?"

"तुमी रीनाच्या मायले पाठव म्हनले. पाठवून रायलो. तिच्यासंग मी बी जाऊन रायलो."

शेठचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. "जातोस? मग कल से मत आना!"

"जी शेठ," झामसिंग म्हणाला. सवयच ती.

शेठला गाडी चालवता येत होती, त्यामुळे कुणाचं अडलं नाही. फडक्याला हात लावायला मात्र चौघांपैकी एकही पुढं येईना. भांडणाचा आवाज बऱ्याच अंतरापर्यंत ऐकू येत राहिला, आणि झामसिंगला तो ऐकून फार फार बरं वाटलं.

आमगावच्या स्टेशनावर त्यानं दुर्गचं तिकीट काढलं. नौतनव्याची गाडी त्या दिवशी नसली तर दुर्गच्या फलाटावर झोपायचं, त्यात काय! नोकरी गेल्याचं भय त्याला होतं, नाही असं नाही, पण ते अजून दूरचं होतं. धनवंता नळावर पुन्हा एकदा तोंड धुऊन येऊन बाकावर बसली. ती ओशाळली असेल, चारचौघांत झाल्या अपमानानं रडवेली झाली असेल असं त्याला वाटत होतं. तसलं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. ती निवांत येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहत होती.

"रीनानं गोळी देल्ली होती ना?" त्यानं हळूच विचारलं. "खाल्ली नोहोती काय?"

"फेकून देल्ली. अन् निंगाच्या पयले पोट फुटेपर्यंत भात खाल्ली, अंबाडीच्या भाजीसंग."

झामसिंग तिच्याकडे बघतच राहिला. "काऊन?"

"काऊन म्हंजे?" धनवंता म्हणाली. "तुमच्या तोंडातून 'नाही' काही निंगत नोहोता. मंग माह्या पोटातून काढा लागला."